मुरंब्याची पाटी, मुनिरक्याचा शेजार

(हीरक महोत्सवी माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यातील भाषण)



दक्षिण दिल्लीत बाह्य वर्तुळमार्गालगत मुनिरका नावाचे एक जुने गाव आहे. गाव म्हणायचे ते आता नावापुरतेच, कारण महानगराने त्याला केव्हाच पोटात घेतले आहे. अरुंद गल्ल्या, एकमेकांना टेकून उभी असलेली उंच घरे, त्या घरांतल्या भाड्याच्या खोल्या, आणि त्या खोल्यांतून देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेली तरुण मुले. कोणी स्पर्धा परीक्षेची तयारी करणारे, कोणी संशोधन करणारे, कोणी संगणकाच्या क्षेत्रात पहिली नोकरी धरलेले. एका अंगाला जवाहरलाल नेहरू विद्यापीठ, तर दुसऱ्या अंगाला भारतीय तंत्रज्ञान संस्था, म्हणजेच सर्वांच्या तोंडी असलेली आयआयटी. मुनिरक्याहून मेट्रोने हौज खासकडे निघाले की आर. के. पुरम लागते आणि त्यापुढचे स्थानक आयआयटीचे. मुलाला किंवा मुलीला दिल्लीला धाडणाऱ्या अनेक मराठी घरांना हा पत्ता आता पाठ झाला आहे.

शाळेच्या सोहळ्यात दिल्लीतील एका वस्तीची आठवण काढण्याचे कारण आहे. चौथीचा निकाल लागला की शाळेच्या कार्यालयात दाखला मागण्यासाठी पालक येतात. ते रागावलेले नसतात. उलट अनेकांच्या बोलण्यात संकोच असतो, कारण त्यांतले कित्येक याच शाळेचे विद्यार्थी असतात. त्यांचा प्रश्न एकच असतो: उद्या मुलाला संगणकाच्या क्षेत्रात जायचे झाले, तर मराठी माध्यम त्याच्या आड येणार नाही ना? हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही आणि त्यावर मातृभाषेच्या गौरवाची दोन वाक्ये ऐकवणे हेही उत्तर नव्हे. उत्तर द्यायचे तर एखाद्या माणसाची वाट पायरीपायरीने पाहिली पाहिजे. अशी एक वाट अर्धशतकापूर्वी मुनिरक्याच्या शेजारून गेलेली आहे. ती आहे डॉ. विजय पांडुरंग भटकर यांची.

भटकरांचा जन्म ११ ऑक्टोबर १९४६ चा. गाव अकोला जिल्ह्यातील मूर्तिजापूर तालुक्याचे मुरंबा. नाव ऐकून मुलांना हसू येते, पण गाव खरेच या नावाचे आहे. त्यांच्या जन्माच्या वेळी हा मुलूख मध्य प्रांत व वऱ्हाडात मोडत होता. पुढे तो मध्य प्रदेशात आला, १९५६ मध्ये मुंबई राज्यात गेला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. म्हणजे चौदा वर्षांच्या मुलाने गाव न सोडता राज्यांची अनेक नावे पाहिली. पाटीवरची भाषा मात्र मराठीच राहिली. त्या काळी वऱ्हाडातल्या खेड्यात माध्यम निवडण्याचा प्रश्नच नव्हता. गावात शाळा असणे हीच मोठी गोष्ट होती.

तेथून ते नागपूरला आले. १९६० मध्ये स्थापन झालेल्या विश्वेश्वरय्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयातून त्यांनी १९६५ साली पदवी घेतली. तेव्हा त्यांचे वय एकोणीसही पूर्ण नव्हते. ज्या वर्षांत या शाळेची पहिली पिढी बाराखडी गिरवत होती, त्याच वर्षांत मराठी पाटीवर शिकलेला हा मुलगा अभियंता होऊन बाहेर पडत होता. पदव्युत्तर शिक्षण त्यांनी बडोद्याला महाराजा सयाजीराव विद्यापीठात घेतले आणि डॉक्टरेटसाठी ते दिल्लीच्या आयआयटीत गेले. १९७२ मध्ये ती पदवी त्यांना मिळाली. तेव्हाचे मुनिरका आजच्याइतके दाटलेले नव्हते आणि संगणकही आजच्यासारखा खिशात मावत नव्हता. आज्ञावली लिहायची म्हणजे जाड कागदाच्या पत्त्यांवर भोके पाडायची, पत्त्यांचा गठ्ठा संगणक केंद्रात द्यायचा आणि उत्तराची वाट पाहायची. एक स्वल्पविराम चुकला तरी गठ्ठा परत. अशा कामात घाई करणाऱ्याचा निभाव लागत नसे. आधी कागदावर, त्याहून आधी मनात, सगळा हिशेब उलगडून पाहावा लागे.

इथे पालकांनी क्षणभर थांबावे, कारण माध्यमाच्या प्रश्नाचे मूळ याच जागी आहे. आज्ञावली लिहिणे म्हणजे काय? मोठे काम लहान लहान पायऱ्यांत असे फोडणे, की ज्याला स्वतःची बुद्धी नाही अशा यंत्रालाही ते करता यावे. आपल्या शाळेत मसावि, म्हणजे महत्तम सामाईक विभाजक, भागाकार पद्धतीने काढायला शिकवतात. ४८ आणि १८ घ्या. ४८ ला १८ ने भागले की बाकी १२. मग १८ ला १२ ने भागा, बाकी ६. मग १२ ला ६ ने भागा, बाकी शून्य. म्हणजे मसावि ६. फळ्यावर शेकडो वेळा सोडवलेले हे उदाहरण म्हणजे युक्लिडची दोन हजार वर्षांहून जुनी रीत होय. संगणकशास्त्राच्या पहिल्या धड्यांत आजही हीच रीत नमुना म्हणून शिकवतात. ज्या मुलाला ‘बाकी शून्य येईपर्यंत पुन्हा तेच करा’ हे वाक्य मराठीत नीट कळले, त्याला आज्ञावलीतील आवर्तनाची कल्पना निम्मी कळलेली असते. पुढे मसाविचे इंग्रजी नाव शिकायला त्याला एक दुपार पुरते. उलट नाव इंग्रजीत घोकले आणि रीत कळलीच नाही, तर ती उणीव भरून काढण्यात वर्षे जातात. अकरावीत मराठी माध्यमाच्या मुलांना पहिले दोन-तीन महिने जड जातात, ही गोष्ट खरी आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. पण जड जाते ते शब्दांचे ओझे. त्यासाठी मुलाची विचार करण्याची भाषाच काढून घेणे म्हणजे पायात काटा रुतला म्हणून पायच बदलायला निघण्यासारखे आहे.

भटकरांच्या वाटेकडे पुन्हा वळू. डॉक्टरेटनंतर त्यांनी भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स आयोगात काम केले आणि पुढे त्रिवेंद्रमच्या इलेक्ट्रॉनिक संशोधन व विकास केंद्राचे संचालकपद सांभाळले. ही वर्षे बाहेरच्या जगाला फारशी दिसली नाहीत. माणसाच्या आयुष्यात अशी न दिसणारी वर्षेच अधिक असतात.

१९८० च्या दशकात भारताला महासंगणक हवा होता. हवामानाचा अंदाज, विमानांची रचना, तेलाचा शोध अशा कामांत कोट्यवधी आकडेमोडी थोडक्या वेळात कराव्या लागतात. असे संगणक अमेरिकेत बनत. तिथल्या क्रे कंपनीच्या यंत्रासाठी भारताने मागणी केली, तेव्हा अधिक क्षमतेचे यंत्र नाकारण्यात आले. त्याऐवजी क्रे एक्सएमपी-१४ हे कमी क्षमतेचे यंत्र दिल्लीत आले, तेही केवळ हवामानाच्या कामासाठी वापरण्याच्या अटीवर. पैसे मोजूनही वस्तू मिळत नाही असा तो अनुभव होता. त्या पार्श्वभूमीवर १९८८ मध्ये पुण्यात प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजे सी-डॅक, स्थापन झाले आणि त्याची धुरा भटकरांकडे आली. मुदत होती तीन वर्षांची.

तीन वर्षांत क्रेसारखा एकच प्रचंड वेगवान प्रोसेसर घडवणे शक्य नव्हते. म्हणून पुण्याच्या चमूने निराळा मार्ग धरला. एका पहिलवानाऐवजी अनेक साध्या माणसांची दिंडी! इंग्लंडमधील इन्मॉस कंपनीचे ट्रान्सप्युटर नावाचे छोटे प्रोसेसर बाजारात मिळत होते. ते मोठ्या संख्येने एकमेकांना जोडून सगळ्यांकडून एकाच वेळी काम करून घ्यायचे, अशी ती कल्पना. ऐकायला सोपी आहे. प्रत्यक्षात अडचण कुठे येते, हे शिक्षकांना चटकन कळेल. समजा ६४० उत्तरपत्रिका तपासायच्या आहेत आणि ६४ शिक्षक आहेत. प्रत्येकाला दहा पत्रिका दिल्या की काम चौसष्टपट लवकर व्हायला हवे. पण एका पत्रिकेतील प्रश्न तीन शिक्षकांत वाटलेले असतील तर? एकाचे गुण दुसऱ्याला कळवल्याशिवाय बेरीज होत नसेल तर? मग निम्मा वेळ निरोप पोचवण्यात जातो. काही शिक्षक हात बांधून बसतात आणि काहींपुढे गठ्ठे साचतात. त्यातही प्रत्येक ट्रान्सप्युटरला संवादासाठी चारच जोडण्या होत्या. म्हणजे प्रत्येक शिक्षकाने फक्त चार शेजाऱ्यांशी बोलायचे आणि दूरच्या सहकाऱ्याला निरोप द्यायचा तर तो हातोहात पुढे सरकवायचा.

यंत्रे जोडण्याइतकेच महत्त्वाचे, किंबहुना त्याहून अवघड काम होते ते काम वाटून देणाऱ्या आणि निरोपांची व्यवस्था पाहणाऱ्या आज्ञावल्यांचे. सी-डॅकने त्यासाठी ‘परास’ ही प्रणाली विकसित केली. शास्त्रज्ञांना आपली गणिते ओळखीच्या भाषांत मांडून समांतर यंत्रावर चालवता यावीत, हा तिचा हेतू. बातम्यांत झळकते ते यंत्र. आज्ञावलीचे छायाचित्र काढता येत नाही, म्हणून ती लिहिणाऱ्यांची नावेही सहसा कोणाला ठाऊक नसतात. या सभागृहात संगणक क्षेत्रात काम करणारे माजी विद्यार्थी बसले आहेत, त्यांना याचा अनुभव असेल.

मुदत पाळली गेली. १९९० मध्ये झुरिक येथे नमुना यंत्राची चाचणी झाली आणि १९९१ मध्ये ‘परम ८०००’ जगापुढे आला. परम म्हणजे श्रेष्ठ. शिवाय समांतर यंत्र या अर्थाच्या इंग्रजी शब्दांचाही त्या नावात मेळ साधलेला आहे. त्याची कमाल क्षमता सेकंदाला सुमारे एक अब्ज आकडेमोडींची सांगितली जाते. पुढे रशियासारख्या देशानेही हे यंत्र घेतले. १९९८ च्या ‘परम १००००’ ची क्षमता त्याच्या शंभरपट होती. आज खिशातल्या मोबाइलचा वेग १९९१ च्या परमला कितीतरी मागे टाकतो, असे एखादा विद्यार्थी म्हणेल, आणि ते खरेच आहे. पण त्याच मोबाइलमध्ये एकाऐवजी अनेक प्रोसेसर शेजारीशेजारी काम करत असतात, हेही त्याने ध्यानात घ्यावे.

महासंगणकाची कथा बहुतेकांनी ऐकलेली असते. त्याच संस्थेतले दुसरे काम मात्र आपल्यासारख्या शाळेच्या अधिक जवळचे आहे, आणि त्याविषयी फार कमी बोलले जाते. ते काम म्हणजे संगणकाला आपली लिपी शिकवण्याचे.

त्याची सुरुवात कानपूरच्या आयआयटीत झाली होती. तिथे मोहन तांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय लिप्यांसाठी ‘जिस्ट’ हे तंत्र विकसित केले आणि पुढे हे काम पुण्यात सी-डॅकमध्ये वाढले. त्या वेळचा संगणक रोमन अक्षरांसाठी बनलेला. रोमन अक्षरे एकापुढे एक ठेवली की झाले. देवनागरीत वेलांटी अक्षराच्या आधी दिसते पण उच्चारात नंतर येते. उकार खाली जातो, मात्रा वर चढते, जोडाक्षरांत अक्षर अर्धे होते. जिस्टमागचा विचार असा, की संगणकाने साठवून ठेवायचा तो उच्चाराचा क्रम, आणि पडद्यावरचे रूप त्याने नियमांनी घडवायचे. ‘कि’ लिहिताना आधी क, मग इकार. वेलांटी डावीकडे काढायची हे यंत्राने समजून घ्यायचे. पहिलीतल्या बाई ‘क ला पहिली वेलांटी कि’ असे म्हणून घेतात, तोच हा क्रम.

बहुतेक भारतीय लिप्यांची वर्णमाला मुळात एकाच क्रमाची असल्यामुळे मराठी, बंगाली, तेलुगू, मल्याळम अशा लिप्यांसाठी एकच सांकेतिक व्यवस्था करता आली. भारतीय मानक ब्यूरोने १९९१ मध्ये तिला राष्ट्रीय मानक म्हणून मान्यता दिली. जगभर आज वापरल्या जाणाऱ्या युनिकोडमध्ये देवनागरी अक्षरांची जी मांडणी आहे, तिचा पायाही त्याच भारतीय व्यवस्थेच्या आधीच्या आवृत्तीचा. पालकांच्या मोबाइलवर दररोज येणारे मराठी निरोप याच मांडणीतून येतात.

इन्स्क्रिप्ट हा कळफलकही त्याच विचारातला. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजने. क आणि ख एकाच कळीवर, ग आणि घ एकाच कळीवर. महाप्राण हवा असेल तर शिफ्टची कळ दाबायची. ल वर शिफ्ट दाबली की ळ, र वर शिफ्ट दाबली की मराठीचा खास ऱ. हा ऱ नसता तर काय झाले असते? आचार्याला नमस्कार करायचा आणि आचाऱ्याला भाजी टाकायला सांगायची, हा भेदच संगणकाला कळला नसता! वर्णमाला पाठ असलेल्या मुलाला हा कळफलक आठवडाभरात हाताशी बसतो. आणि तरीही असंख्य सुशिक्षित मराठी माणसे आजही रोमन अक्षरांत मराठी लिहितात, ही खेदाची गोष्ट आहे. सोय उपलब्ध नव्हती तेव्हाची सबब आता चालणार नाही. लिपी घडत राहते, हेही मुलांना सांगायला हवे. ‘ॲप’ शब्दातला ॲ युनिकोडमध्ये स्वतंत्र अक्षर म्हणून २००८ साली आला. म्हणजे आज वरच्या वर्गांत बसणाऱ्या मुलांच्या जन्माच्या आसपासच.

भटकरांनी हे सारे एकट्याने केले असे कोणी समजू नये. परम घडला तो मोठ्या चमूच्या श्रमांतून, आणि जिस्टचे श्रेय ते रचणाऱ्यांचे. संस्था उभी करणे, योग्य माणसे जमवणे आणि मुदत पाळणे ही भटकरांची कामगिरी. तेही एक कौशल्यच आहे, आणि ते गुणपत्रिकेत दिसत नाही. त्यांनी उच्च शिक्षण इंग्रजीतून घेतले, संशोधन इंग्रजीतून लिहिले, हेही सांगायलाच हवे. मराठी माध्यमाच्या शाळेने इंग्रजी विषय कच्चा ठेवला, तर ती आपल्या मुलांचे नुकसान करते. इंग्रजी उत्तम शिकवणे आणि सगळेच इंग्रजीतून शिकवणे यांत अंतर आहे. सेमी-इंग्रजीचा मार्ग काही शाळांनी स्वीकारला आहे. जिथे गणिताचे शिक्षक दोन्ही भाषांत सहज बोलतात तिथे तो चालतो. जिथे शिक्षकच इंग्रजी वाक्य वाचून दाखवतात तिथे मुलांच्या हाती दोन्ही भाषांतले अर्धवट गणित येते.

पुढच्या काळात भटकरांचे लक्ष शिक्षणाकडे अधिक वळले. घरोघरी संगणकाद्वारे शिक्षण पोचवण्यासाठी त्यांनी प्रयोगशाळा उभारली. २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या, म्हणजे एमकेसीएलच्या, उभारणीतही त्यांचा वाटा होता. एमएस-सीआयटीचे प्रमाणपत्र घरात नाही असे पालक या सभागृहात थोडेच असतील. तो अभ्यासक्रम याच संस्थेचा, आणि तो मराठीतूनही शिकता येत होता म्हणून गावोगावच्या गृहिणी, लिपिक आणि शिक्षक पहिल्यांदा संगणकापुढे बसले. २००० मध्ये पद्मश्री, २०१५ मध्ये पद्मभूषण, तसेच महाराष्ट्रभूषण हे सन्मान भटकरांना मिळाले. २०१२ मध्ये ते दिल्लीच्या आयआयटीच्या नियामक मंडळाचे अध्यक्ष झाले. चाळीस वर्षांपूर्वी ज्या संस्थेने त्यांना डॉक्टरेट दिली, तिच्याच कारभाराचे ते प्रमुख झाले.

मुनिरक्याच्या खोल्यांत आज राहणाऱ्या मराठी मुलांची परिस्थिती निराळी आहे. भोके पाडलेल्या पत्त्यांचा गठ्ठा घेऊन रांगेत उभे राहण्याची पाळी त्यांच्यावर येत नाही. मांडीवरच्या संगणकावर रात्री दोन वाजता आज्ञावली लिहिता येते आणि चूक तत्क्षणी दिसते. नोकरीतले काम संपवून स्वतःच्या हौसेची छोटी आज्ञावली रचणारे तरुण तिथे आहेत तसे पुण्यात आणि लातुरातही आहेत. मराठीत अशा हौशी कामाला केवढा वाव आहे! शुद्धलेखन तपासणी अजून हवी तशी नाही. जुनी मराठी पुस्तके छायाचित्रांच्या रूपात पडून आहेत. त्यांतला मजकूर अचूक वाचून घेणे बाकी आहे. बोलींचे कोश व्हायचे आहेत. ही कामे ज्याला मराठी व्याकरण आणि आज्ञावली दोन्ही येतात, त्यालाच जमतील. परदेशातील मोठी कंपनी ती आपल्या गरजेइतकीच करील.

शाळेच्या संगणक कक्षात या वर्षापासून पाचवीच्या मुलांना इन्स्क्रिप्ट कळफलक शिकवण्याचे आणि आठवीच्या मुलांना आज्ञावली लेखनाची ओळख करून देण्याचे ठरले आहे. भागाकार पद्धतीने मसावि काढणारी आज्ञावली हा पहिला पाठ असेल. कक्षातले संगणक जुने आहेत, पण एवढ्या कामाला पुरेसे आहेत. उणीव आहे ती शिकवणाऱ्यांची. शनिवारी शाळा सकाळची असते. साडेदहानंतर कक्ष मोकळा असतो. या क्षेत्रात काम करणाऱ्या माजी विद्यार्थ्यांपैकी ज्यांना महिन्यातला एक शनिवार देता येईल, त्यांनी आपली नावे कार्यालयात ग्रंथपालांकडे नोंदवावीत. जे दिल्लीत, बंगळुरूत किंवा त्याहून दूर आहेत, त्यांच्यासाठी कक्षात कॅमेरा बसवण्यात आला आहे.